प्रवाशाचे पाणी : फिरकीच्या तांब्यापासून पोकळ तंतूपर्यंत

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे सहकारी बेंगळुरूहून भाड्याच्या कॅरॅव्हॅनने हंपीला निघालो होतो. चित्रदुर्ग ओलांडल्यावर गाडीतील पाण्याची टाकी संपली आणि एका धाब्यामागच्या बोअरवेलमधून ती पुन्हा भरून घेतली. बेसिनखाली एक कार्बनची गाळणी बसवलेली होती. त्यातून आलेले पाणी पेल्यात धरून आमच्यातील एक जण म्हणाला, "अरे, काचेसारखं स्वच्छ आहे, बिनधास्त प्या." आम्ही प्यायलो. हंपीचे दोन दिवस आमच्यापैकी दोघांनी अंथरुणातच काढले. दोष पाण्याचाच होता असे ठामपणे म्हणता येणार नाही, कारण आम्ही ते तपासले नव्हते. पण चौघेही विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले असताना त्या गाळणीतून नेमके काय अडते आणि काय सुटते, हा प्रश्न एकानेही विचारला नाही, याची बोचणी राहिली. परतल्यावर त्या प्रश्नाचा इतिहास वाचू लागलो. तो आपणापुढे ठेवतो आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या प्रवासात पितळेचा फिरकीचा तांब्या असे. त्याचे झाकण आट्यांचे, घट्ट बसणारे. घरचे पाणी घरातूनच न्यायचे आणि वाटेतले शक्यतो टाळायचे, हे त्यामागचे साधे धोरण होते. वाटेत पाणी घ्यावेच लागले तर ते पंचाच्या किंवा जुन्या धोतराच्या घडीतून गाळायचे, गढूळ असल्यास त्यात तुरटी फिरवायची किंवा निवळीचे बी उगाळून घालायचे. निवळी म्हणजे संस्कृतातील कतक. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या द्रव्यांत तिचा उल्लेख आहे. हे उपाय अज्ञानातून आलेले नव्हते. मात्र त्यांची कसोटी एकच होती : पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले पाहिजे. ही कसोटी किती अपुरी आहे, हे कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

१८१७ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याचे सैन्य बुंदेलखंडात तळ देऊन होते. पेंढाऱ्यांविरुद्धची मोहीम आणि तिसरे इंग्रज-मराठा युद्ध यांचा तो काळ. त्याच वर्षी बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ या तळावर येऊन आदळली. सैनिक, हमाल, बाजारबुणगे पटापट मरू लागले. अखेर तळ हलवून सैन्य बेटवा नदीकाठच्या एरिचला गेले आणि साथ ओसरली. दूषित हवेने रोग होतो, असे मानण्याचा तो काळ होता. सैन्य चालत होते, वाटेतले पाणी पीत होते आणि त्याच पाण्यात आपली घाणही सोडत होते. पटकी सैन्याबरोबर प्रवास करीत होती. पुढे व्यापारी, यात्रेकरू आणि आगबोटी यांच्याबरोबर तिने जग पालथे घातले. आपल्याकडे पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची भीती कित्येक पिढ्या जोडली गेली होती, ती याच कारणाने.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध पाण्याशी जोडून दाखवला. १८८४ च्या आरंभी कोलकात्यात रॉबर्ट कॉख यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू वेगळा केला. तरीही गाळण्याने जीव वाचतात याचा सर्वांत बोलका पुरावा मिळाला तो १८९२ साली, जर्मनीतील हँबुर्ग आणि आल्टोना या दोन जोडशहरांत. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी घेत असे. पण आल्टोना ते वाळूतून गाळत असे, हँबुर्ग गाळत नसे. त्या साथीत हँबुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली आणि आल्टोना बव्हंशी बचावले. दोन्ही शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यात एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, असे चित्र दिसले. हवा दोन्हीकडे एकच होती.

याच सुमारास बेंगळुरूही तळ्या-विहिरींच्या पाण्यावरून नळाच्या पाण्यावर येत होते. १८९० च्या दशकात हेसरघट्ट तलावाची योजना उभी राहिली. तलावाचे पाणी सोलदेवनहळ्ळीहून पंपाने चढवून मल्लेश्वरमच्या परिसरात आणले जाई आणि तेथे 'ज्युएल' गाळण्यांतून शहराला मिळे. आज त्या भागातून जाणाऱ्यांना 'ज्युएल फिल्टर' हे नाव एखाद्या दागिन्यावरून पडले असावे असे वाटते. ते नाव आहे शिकागोच्या ज्युएल यांचे. त्यांच्या पद्धतीच्या यांत्रिक गाळण्या १८९५ ते १८९७ या काळात अमेरिकेतील लुइव्हिल येथे जॉर्ज फुलर यांनी घेतलेल्या प्रसिद्ध चाचण्यांत तपासल्या गेल्या होत्या.

या गाळणीत आजीच्या तुरटीचेच भौतिकशास्त्र आहे. गढूळ पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तासन्‌तास तळाशी बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमचा आयन त्रिसंयुजी आणि धनभारित. तो ही अपकर्षणाची भिंत पाडतो आणि कण एकत्र येऊन गुठळ्या बनतात. शुल्झ-हार्डी नियमानुसार आयनाची ही क्षमता त्याच्या संयुजेच्या सुमारे सहाव्या घाताने वाढते. म्हणजे त्रिसंयुजी आयन एकसंयुजी आयनापेक्षा आदर्श स्थितीत ७२९ पट प्रभावी ठरतो. चिमूटभर तुरटीला घागर का पुरते, हे येथे कळते. अशा गुठळ्या झाल्या की पाणी वाळूतून वेगाने गाळता येते. जुन्या पद्धतीची मंद वाळू-गाळणी तासाला १० ते ३० सेंटिमीटर या गतीने चाले, तर नवी जलद गाळणी तासाला सुमारे ५ मीटर. वाढत्या शहरांना ही गती हवी होती.

शहराचा प्रश्न असा मार्गी लागत होता. पण प्रवाशाला वाळूचा हौद पाठीवर नेता येत नाही. त्याचे उत्तर पॅरिसमधून आले. १८८४ साली पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी चकाकी न दिलेल्या चिनी मातीची एक पोकळ नळी बनवली. तिच्यातून दाबाने पाठवलेले पाणी जिवाणूविरहित बाहेर येई. १८९१ च्या सुमारास विल्हेल्म बर्कफेल्ड यांनी डायटम या शैवालांच्या जीवाश्म मातीची गाळणी आणली. हीच माती आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटसाठी वापरली होती. आपल्या स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षे जो 'कँडलचा फिल्टर' होता, त्याचे हे पूर्वज. सैन्याने, प्रवाशांनी, वसाहतींतील अधिकाऱ्यांनी या गाळण्या सोबत नेल्या.

आणि येथेच गाळणीने दोन धडे शिकवले. पहिला दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात. ब्रिटिश सैन्याजवळ गाळण्या होत्या, पण गढूळ पाण्यात त्या चटकन तुंबत. तहानलेला सैनिक कूच करताना गाळणीपाशी ताटकळत राहत नाही, तो नदीवर ओणवा होतो. त्या युद्धात विषमज्वराने सुमारे ८ हजार ब्रिटिश सैनिक मेले. गाळणीची सूक्ष्मता आणि तिची गती यांचे वैर हे यामागचे मूळ कारण. पॉइझ्योय यांच्या नियमाप्रमाणे नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. छिद्राची त्रिज्या दहा पट लहान केली, तर त्या एका छिद्रातून वाहणारे पाणी दहा हजार पट घटते. तेवढ्याच क्षेत्रफळात शंभर पट अधिक छिद्रे बसवली, तरी एकूण प्रवाह शंभर पट कमीच राहतो.

दुसरा धडा अधिक खोल. १८९२ साली दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस शांबरलांच्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या, जिवाणूविरहित रसानेही निरोगी रोपे आजारी पडली. १८९८ साली बायेरिंक यांनी त्या अदृश्य कारकाला 'व्हायरस' म्हटले. विषाणूशास्त्राचा जन्म असा एका गाळणीच्या अपयशातून झाला. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे आपल्या देशाने १९५५-५६ च्या हिवाळ्यात अनुभवले. यमुनेचे पात्र बदलून दिल्लीचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापाशी शिरले. पाणी गाळले जात होते, त्यात क्लोरीनही घातले जात होते. विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हेपटायटिस-ई होता, हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या विषाणूचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्याचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर. पटकीच्या जिवाणूची जाडीच सुमारे ५०० नॅनोमीटर असते.

मग आजोबांच्या धोतराची घडी निरर्थकच म्हणायची का? नाही. रिटा कॉलवेल आणि अन्वर हक यांनी बांगलादेशातील मतलब परिसरात केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. कापडाची परिणामी छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची, म्हणजे जिवाणूच्या कितीतरी पट मोठी. मग अडले काय? पटकीचे जिवाणू पाण्यातील सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात आणि ते प्लवक कापडात अडकतात. साडी जुनी असणे महत्त्वाचे, कारण वारंवार धुण्याने धागे पिंजून छिद्रे लहान होतात. पण हेच कापड मोकळ्या जिवाणूला किंवा विषाणूला अडवू शकत नाही. ४८ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे.

आपल्या प्रयोगशाळांनी या इतिहासात मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून 'सुजल' ही गाळणी तयार झाली. राख मुख्यतः सच्छिद्र सिलिकाची. गिरणीमागे ढिगाने पडणाऱ्या या राखेवर पुढे चांदीचे नॅनोकण बसवून २००९ साली 'टाटा स्वच्छ' बाजारात आली. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विषाणूही अडवू शकणारी बहुवारिकाची पटले विकसित केली. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने तर व्युत्क्रमी परासरणाचे, म्हणजे आरओचे संयंत्र चक्क बसवर चढवले आणि २००४ च्या त्सुनामीनंतर ते तामिळनाडूच्या किनाऱ्यावर नेले. आरओचे पहिले उपयुक्त पटल ज्यांनी घडवले, त्या लोब-सुरिराजन जोडीतील श्रीनिवास सुरिराजन भारतीय होते, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आज गिर्यारोहकांच्या आणि कॅरॅव्हॅनच्या गाळण्यांत बहुधा पोकळ तंतू असतात. शेवयांसारख्या बारीक नळ्यांची जुडी, भिंतीतील छिद्रे सुमारे ०.१ मायक्रॉनची. पॉइझ्योय यांचा नियम बदललेला नाही. शेकडो तंतू एकत्र बांधून पृष्ठफळ इतके वाढवले आहे की मंद प्रवाहाची भरपाई होते. या गाळण्या जिवाणू आणि परजीवी अडवतात, बहुतेक विषाणू अडवू शकत नाहीत. आमच्या गाडीतील कार्बन यांपैकी काहीच भरवशाने अडवीत नव्हता. तो क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय रसायने शोषतो. म्हणून अशी गाळणी टाकीच्या तोंडाशी लावली तर ती क्लोरीन काढून टाकते आणि टाकीतील पाणी संरक्षणाविना दिवसेंदिवस साचून राहते. तिची जागा शेवटी, नळापाशी. याखेरीज कोलार, चिक्कबळ्ळापूर परिसरातील बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. ते विरघळलेले असते. कापड, कँडल, पोकळ तंतू यांना ते दिसतही नाही. त्याला आरओ किंवा विशेष शोषकच हवा.

प्रवाशाने करायचे ते फार अवघड नाही. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे, कापडातून गाळावे, मग सूक्ष्म गाळणी वापरावी आणि शेवटी उकळावे किंवा योग्य प्रमाणात मेडिक्लोर घालून अर्धा तास थांबावे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे, तेथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते. तरी खळखळून एक मिनिट उकळणे पुरेसे असते. दोन हजार मीटरच्या वर मात्र तीन मिनिटे द्यावीत.

एरिचचा तळ मात्र अजून मनातून जात नाही. हेस्टिंग्जचे सैन्य पटकीचे बळी होते, तसेच तिचे वाहकही. आमच्या कॅरॅव्हॅनलाही दोन टाक्या होत्या, एक पिण्याच्या पाण्याची आणि एक सांडपाण्याची. पहिली कोठे भरायची याची चर्चा आम्ही वाटभर केली. दुसरी कोठे रिकामी झाली, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. आल्टोनाने आपले पाणी गाळून स्वतःला वाचवले, पण हँबुर्गचे सांडपाणी नदीतच राहिले. गाळणी प्रवाशाला वाचवते. ज्या गावातून प्रवासी गेला, त्या गावाला वाचवायचे असेल तर दुसऱ्या टाकीचाही हिशेब द्यावा लागतो.

पुढच्या प्रवासाला निघताना दोन्ही टाक्यांची चौकशी जरूर करा. आणि मल्लेश्वरमकडे गेलात, तर ज्युएल फिल्टर हे नाव वाचताना क्षणभर थांबा.