इकॉनॉमीज ऑफ स्केल की प्रॉडक्टिव्हिटी? फरक कसा मोजतात?

"कंपनी जास्त फोन बनवते म्हणून स्वस्त पडतात" असं मीही बरीच वर्षं बिनधास्त सांगायचो. पण वस्तू स्वस्त पडण्यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात.

समजा, मोबाईल कव्हरच्या मोल्डला २ लाख रुपये लागले आणि प्रत्येक कव्हरला माल-मजुरीचे २० रुपये. १,००० कव्हरं काढली तर एक पडतं २२० रुपयांना, १ लाख काढली तर २२ रुपयांना. पद्धत तीच, फक्त मोल्डचा खर्च वाटला गेला. ही इकॉनॉमीज ऑफ स्केल. याउलट तीच मशीन, तीच माणसं, तेवढाच वेळ, पण ८०० ऐवजी १,००० कव्हरं निघाली, तर ती २५ टक्के प्रॉडक्टिव्हिटी ग्रोथ.

खऱ्या कारखान्यात दोन्ही एकत्रच घडतं. १९१३ मध्ये फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आणली. मॉडेल टीची चॅसी जोडायला सुमारे साडेबारा तास लागायचे, ते वर्षभरात दीड तासावर आले. पद्धत बदलली हे खरंच, पण एवढा खटाटोप परवडला तो गाड्या प्रचंड खपत होत्या म्हणून. मग श्रेय कुणाला द्यायचं?

१९५७ मध्ये रॉबर्ट सोलो यांनी सोपा हिशोब मांडला. कामगार १० टक्के वाढले, भांडवल १० टक्के वाढलं आणि उत्पादन १५ टक्के, तर उरलेले ५ टक्के तंत्रज्ञानाचे. गोम इथेच आहे! सगळं दुप्पट केलं की उत्पादनही बरोबर दुप्पट होतं, हे त्यात गृहीत धरलंय. म्हणजे मोठ्या आकाराचा फायदा असेल, तर तोही गुपचूप त्या ५ टक्क्यांत जाऊन बसतो.

म्हणून एकाच वर्षातले लहान-मोठे कारखाने शेजारी ठेवून आकाराचा फायदा काढतात, आणि तेच कारखाने वर्षानुवर्षं पाहून पद्धतीचा. मंदीत मशीन नुसत्या पडून असतात, तेही बघावं लागतं.

एवढी किटकिट कशाला? फायदा फक्त आकाराचा असेल तर दहा कामगारांच्या वर्कशॉपला मोठ्यांपुढे टिकणं अवघड. पद्धतीचा असेल तर ती त्यालाही शिकता येते.

आपल्याकडे वार्षिक उद्योग पाहणीत कारखान्यांचे कामगार, भांडवल आणि उत्पादनाचे आकडे मिळतात. हिशोब करून बघणार असाल तर आधी महागाई वजा करा, नाहीतर नुसते भाव वाढले तरी प्रॉडक्टिव्हिटी वाढल्यासारखी दिसेल. मी पहिल्यांदा नेमकी हीच चूक केली होती.