कान दुखतो, पण दुखणे कुठले?

सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. आज आपण या कानाचीच गोष्ट ऐकू या. कानाच्या आत काय आहे ते माणसाला कसकसे कळत गेले आणि ते कळल्याचा आपल्याला काय उपयोग, ते पाहू.

सुरुवात कान टोचण्यापासूनच करू. सुश्रुतसंहिता हा आपला फार जुना वैद्यकाचा ग्रंथ. त्यात कान टोचण्यावर एक अख्खा अध्याय आहे. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला मांडीवर घ्यावे, कानाची पाळी उन्हात धरून बघावी आणि जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच टोचावे, असे त्यात सांगितले आहे. भलत्या जागी टोचले तर ताप येतो, सूज येते, मान आखडते, हेही लिहिले आहे. पाळी फाटली तर ती जोडायच्या पंधरा तऱ्हा दिल्या आहेत. आपल्या आज्या जड कुड्यांना वेल लावून त्यांचा भार केसांवर घेत. पाळी ओघळू नये, ही काळजी तेव्हापासूनची.

बाहेरचा कान डोळ्यांना दिसतो, म्हणून तो लवकर कळला. आतला कान मात्र कवटीच्या फार कठीण हाडात दडलेला. तो कळायला कितीतरी शतके गेली. सोळाव्या शतकात इटलीत युस्टाकी नावाच्या वैद्याने कानापासून नाकामागे घशात उतरणाऱ्या एका बारीक नळीचे नीट वर्णन केले. पुढे १६६६ साली, म्हणजे आपल्या मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम चालू होते त्या दिवसांत, इटलीतच वाल्साल्वा जन्मला. त्याने १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिला. कानाचे बाहेरचा, मधला आणि आतला असे तीन भाग त्यानेच मांडले आणि त्या नळीला युस्टाकीचे नाव दिले.

वाल्साल्वाची एक युक्ती तर आपल्या किनाऱ्यावर रोज चालते. तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेणारी आपली मुले आधी काय शिकवतात? नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हळूच फुंकर मारा. त्याने हवा नळीतून पडद्यामागे जाते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि पडद्यावरचा ताण जातो. लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की त्यांचा कान लगेच ठणकतो, कधी फुटून वाहू लागतो. अशा वाहत्या कानात खोबरेल सोडू नये. कान वाहतच राहिला तर ऐकू येणे कमी होते. चेहऱ्याची हालचाल करणारी नसही मधल्या कानाच्या हाडातूनच जाते. दुखणे तिथवर गेले तर चेहरा वाकडा होतो.

पडद्यामागे तीन इवलीशी हाडे असतात: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. त्याच्याही आत शंखासारखी वेटोळी नळी. त्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी आहेत, हे १८५१ साली कोर्ती या संशोधकाने सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिले. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाच्या स्पीकरला चिकटून नाचणाऱ्या पोरांना हे सांगायला हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऐकू येते ते एका नसेने, पण कान दुखतो तो अनेक नसांनी. पाळीची नस मानेतून येते. कानाच्या पुढच्या भागाची नस दात, जबडा आणि जीभ यांच्या नसेचीच फांदी. मधल्या कानाची नस जिभेच्या मुळाशी आणि घशातही जाते. कानाच्या भोकातल्या एका नसेला आर्नोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. ती घशातून छातीत, पोटात उतरणाऱ्या मोठ्या नसेची फांदी. म्हणून तर कानात काडी घातली की काहींना खोकला येतो.

वाट एकच असल्यामुळे मेंदूची फसगत होते. किडते दाढ आणि ठणकतो कान. हे दाढेपुरतेच असते तर ठीक. पण जिभेच्या मुळाशी किंवा घशात कर्करोगाची गाठ असली, तरी सुरुवातीला कधीकधी नुसता कानच दुखतो. आपल्यात कितीतरी जणी मशेरी लावतात, पानात तंबाखू घेतात. कान दुखला की थेंब घालतात आणि महिनोन्‌महिने अंगावर काढतात.

म्हणून गटाच्या बैठकीत हे एकमेकींना सांगू या. कान वाहत नाही, सर्दी नाही, तरी एकाच बाजूचा कान पंधरा दिवस दुखतोय, तर डॉक्टरांना कानाबरोबर तोंड आणि घसाही बघायला सांगायचे. तोंडात न भरणारे छाले, मानेत गाठ, गिळताना त्रास असेल तर आजच निघायचे. ग्रामीण रुग्णालयातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. सोबतीला जायला आपण आहोतच.