माणसाळणे : एका क्रियापदाची कुळकथा

गरीब स्वभावाचे, अंगावरून हात फिरवू देणारे जनावर दिसले की मराठी माणूस त्याला ‘माणसाळलेले’ म्हणतो. लिहिताना मात्र त्याच जागी ‘पाळीव’ हा शब्द सहज घातला जातो. माझ्या मते ही अदलाबदल टाळायला हवी, कारण दोन्ही शब्दांची घडणच निराळी आहे. ‘पाळीव’ हा ‘पाळणे’पासून आला आणि त्याला कोरीव, रेखीव या शब्दांतला ‘ईव’ प्रत्यय लागला. कोरीव म्हणजे कोरलेले, तसे पाळीव म्हणजे पाळलेले. इथे कर्ता माणूस आहे. ‘माणसाळणे’चे कूळ वेगळे. संस्कृत ‘मानुष’, प्राकृत ‘माणुस’, मराठी ‘माणूस’ आणि त्यापुढे रक्ताळणे, फेसाळणे, वाफाळणे यांत दिसणारे ‘आळणे’. हे क्रियापद अकर्मक आहे, म्हणजे माणसाळते ते जनावर; माणसाला कर्ता करायचे तर ‘माणसाळवणे’ असे प्रयोजक रूप घ्यावे लागते. शिवाय रक्ताळणे काय किंवा फेसाळणे काय, या अंगावर चढणाऱ्या अवस्था आहेत, जन्मजात गुण नव्हेत. जुन्या भाषेने हाच विषय इतर बाजूंनी पाहिला होता. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात पशूंचे आरण्य आणि ग्राम्य असे भेद येतात, ते राहण्याच्या जागेवरून. ‘दम्य’ म्हणजे अजून वठणीवर आणायचा तरुण बैल. त्यातल्या ‘दम्’ धातूत जोर माणसाचा आहे. मराठीने जनावराच्या बाजूने बोलणारे क्रियापद घडवले, हे मला फार मोलाचे वाटते.

हा निव्वळ व्याकरणाचा कीस नाही, हे चित्त्याच्या उदाहरणावरून कळते. मोगल दरबाराने शिकारीसाठी चित्ते बाळगले. कोल्हापूर संस्थानात चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते आणि देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकात तिथे आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. हे चित्ते माणसाळत, पण बंदिवासात त्यांची वीण जवळजवळ होतच नसे. पिल्ले झाली तेव्हा जहांगीरने आपल्या आठवणींत त्याची नवलाने नोंद केली. प्रत्येक चित्ता रानातून धरून नव्याने माणसाळवावा लागे. म्हणून चित्ता माणसाळला, पाळीव झाला नाही. उलट मारका वळू पिढ्यान्‌पिढ्यांचा पाळीव असतो, तरी त्याला माणसाळलेला म्हणवत नाही.

यावर कोणी म्हणेल, की माणसाळणेही पुढे रक्तात उतरते. सोव्हिएत आनुवंशिकीतज्ज्ञ दमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये नोव्होसिबिर्स्क इथे रुपेरी कोल्ह्यांवर सुरू केलेला प्रयोग त्यासाठी पुढे करता येतो. प्रत्येक पिढीतले सर्वांत सौम्य कोल्हे निवडून त्यांचीच वीण घेतल्यावर थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी, माणसाकडे धावणारी पिल्ले जन्मू लागली. पुढे काहींचे कान लोंबते राहिले, अंगावर पांढरे ठिपके आले. पण त्या कोल्ह्यांना मुद्दाम शिकवले जात नव्हते, माणसाचा सहवासही मोजकाच होता. बदलले ते कूळ, निवडीमुळे. तेव्हा हा पुरावा भेद पुसत नाही, पक्का करतो : माणसाळते ते एकेक जनावर, पाळीव होतो तो वंश. जुन्नरच्या उसात बिबट्याची बछडी सापडतात, तेव्हा वनखाते त्यांना आईकडे परत पोचवण्याची धडपड करते, त्यामागे हेच ज्ञान आहे. माणसाळलेला बछडा रानाला मुकतो, पण पाळीव होत नाही. हे दोन शब्द वेगळे ठेवले, तर तो धोका नीट सांगता येतो.