‘स्वामी’ आणि ‘स्वामिनी’: माधवराव-रमाबाईंच्या गोष्टीतलं बीडचं राक्षसभुवन

पेशवे दरबारातलं प्रेम आणि सत्तेची रस्सीखेच म्हटलं की थोरले माधवराव आणि रमाबाई आठवतात. मालिकांमध्ये ही गोष्ट बहुतेक शनिवारवाड्यात घडते. पण तिला कलाटणी देणारी लढाई झाली ती बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला.

या मालिका कोणत्या?

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली आली. तिच्यावरची मालिका दूरदर्शनवर गाजली. त्यात रवींद्र मंकणी माधवराव होते, तर मृणाल कुलकर्णी रमाबाई. पुढे २०१९ मध्ये कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ सुरू झाली. तिच्या केंद्रस्थानी रमाबाई होत्या, आणि ऐश्वर्या नारकर यांनी माधवरावांच्या आई गोपिकाबाईंची भूमिका केली.

काका-पुतण्यात वाद कशावरून?

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं आणि जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, पण कारभार आपल्या हाती असावा असं काका राघोबादादांना वाटत होतं. वाद इतका पेटला की राघोबांनी निजामाची मदत घेतली. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. घरातली ही फूट निजामाच्या पथ्यावर पडली. १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं.

राक्षसभुवनला काय घडलं?

१० ऑगस्ट १७६३. निजाम अली गोदावरी ओलांडून पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मात्र फौजेसह अलीकडेच होता आणि नदीला पूर आलेला. मराठ्यांनी तिथेच त्याला गाठलं. लढाईत राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा त्यांच्या मदतीला धावले ते माधवरावच. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुरामुळे निजामाला पलीकडून काहीच करता आलं नाही. शेवटी त्याला तह करावा लागला.

मग वाद मिटला का?

नाही. पण अठरा वर्षांच्या पेशव्याचा शब्द आता दरबारात चालू लागला. १७६८ मध्ये धोडपला राघोबांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला क्षयाने माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या.

मालिका बघताना काय लक्षात ठेवायचं?

माणसं, लढाया आणि तारखा खऱ्या आहेत. पण पती-पत्नीचे एकांतातले संवाद लेखकाच्या कल्पनेतले आहेत. राक्षसभुवन आज शनिमंदिरासाठी ओळखलं जातं. दर्शनाला गेलात तर गोदाकाठावरही थोडं थांबा. माधवरावांची पेशवाई खऱ्या अर्थाने इथूनच सुरू झाली.