वस्तऱ्याची मूठ

उघडमिटीच्या जुन्या वस्तऱ्यात सगळ्यात अल्पायुषी भाग म्हणजे त्याची मूठ. पातं नीट पुसून ठेवलं तर दीडशे वर्षं सहज टिकतं. मुठीचं तसं नसतं. शिंगाला किडे लागतात, हस्तिदंताला तडे जातात आणि सेल्युलॉइड तर आतूनच कुजतं. म्हणून इंग्लंड, जर्मनी, फ्रान्सच्या जुन्या बाजारांत आज जे वस्तरे मिळतात, त्यांतल्या पुष्कळांचं पातं सुधारण्याजोगं असतं, पण मूठ गेलेली असते. असे वस्तरे घ्यायचे, पातं स्वच्छ करायचं आणि नवी मूठ घडवून त्यात बसवायचं, हा छंद आता जगभर पसरला आहे. त्याला आधुनिक हौस म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मूठ बदलता यावी अशीच या वस्तूची रचना आहे, आणि ती बदलणं हा एका जुन्या कसबाचा उरलेला धागा आहे.

रचना पाहिली की हे लगेच पटतं. दोन पातळ पट्ट्या, त्यांच्या एका टोकाला पात्याच्या मानेतून आरपार गेलेला पितळी खिळा, दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये धरलेली छोटी पाचर आणि तिच्यातून गेलेला दुसरा खिळा. कधी मध्ये तिसरा. गोंद नाही, आट्यांचे स्क्रू नाहीत. खिळ्याचं ठोकलेलं डोकं कानशीने घासलं की सगळं सुटं होतं. पाचर बहुधा शिशाची किंवा हाडाची असते. एका बाजूला निमुळती होत गेलेली ही पाचर पट्ट्यांना किंचित बाक देते. त्या बाकामुळे पट्ट्या पात्याची मान दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि पातं उघडंही राहतं, मिटलेलंही राहतं. शिशाची पाचर वजनदार, त्यामुळे वस्तऱ्याचा तोलही साधतो.

दाढी करण्याचं हत्यार अर्थातच याहून फार जुनं आहे. डेन्मार्कमध्ये कांस्ययुगातले वस्तरे सापडले आहेत. त्यांच्या पात्यांवर नौका कोरलेल्या आहेत आणि काहींच्या मुठीला घोड्याच्या मानेचा आकार आहे. पण आज छंदवाल्यांच्या हाती येणारा वस्तरा १८व्या शतकात घडला, आणि त्याचं मुख्य माहेर इंग्लंडमधलं शेफिल्ड.

सुऱ्या-कात्र्यांचा धंदा शेफिल्डमध्ये आधीपासून होता. तिथल्या कारागिरांच्या संघाला १६२४ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली होती. अडचण पोलादाची होती. लोखंडाचे गज कोळशात कित्येक दिवस भाजून केलेलं पोलाद एकसारखं निघत नसे. बाहेर कडक, आत मऊ, मध्ये कुठे मळीची रेघ. सुरीला ते चाले. वस्तऱ्याच्या धारेत तेवढी रेघही गालाला कळते. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. त्याला स्प्रिंगसाठी भरवशाचं पोलाद हवं होतं. १७४०च्या सुमारास त्याने शेफिल्डजवळ पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. वितळलं की मळी वर येते आणि खालचं पोलाद एकजीव होतं. शेफिल्डच्या कारागिरांना ते फार कडक वाटलं म्हणून त्यांनी ते नाकारलं, असं सांगतात. हंट्समनने ते फ्रान्सला विकलं. तिथून उत्तम पाती येऊ लागली तेव्हा शेफिल्डकर जागे झाले.

इथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो मला या कथेतला सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात कित्येक शतकं बनत होतं. युरोपात त्याला 'वुट्झ' म्हणत. हेलेनस स्कॉट या मुंबईतल्या डॉक्टरने १७९४ मध्ये त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होतं असंच म्हटलं आहे. खरं तर ते तिथून फक्त जहाजात चढलं होतं. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कसबी. तो या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्याने तरुण मायकेल फॅराडेला सोबत घेऊन पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. विजेच्या शोधांमुळे आपण ओळखतो तोच हा फॅराडे, लोहाराचा मुलगा. वुट्झचं रहस्य शोधता शोधता दोघांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी हे त्यांतलं एक मिश्रण. १८२० आणि १८२२ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. फॅराडेने अशा मिश्र पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. त्यानंतर शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का सर्रास दिसू लागला. पुढे तो जाहिरातीचाच शब्द झाला, पण त्याची मुळं मुंबईहून गेलेल्या त्या पोलादाच्या वड्यांपर्यंत पोचतात.

शेफिल्डमध्ये एका वस्तऱ्याला किमान तीन हात लागत. एक जण भट्टीत पातं घडवी आणि त्याला पाणी देई. दुसरा ते फिरत्या दगडी चाकावर घासे. तिसरा मूठ बसवी. हे बहुतेक स्वतंत्र कारागीर. लहानशी जागा भाड्याने घ्यायची, चाकाला लागणारी वाफेची ताकदही भाड्यानेच घ्यायची आणि मोठ्या पेढ्यांचं काम आणायचं. घासणाऱ्याचा वाटा सगळ्यात क्रूर होता. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाऊन फुप्फुसं निकामी होत आणि माणसं ऐन उमेदीत जात. या दुखण्याला तिथे घासणाऱ्यांचा दमा असंच नाव पडलं होतं. जुन्या पात्याच्या दोन्ही अंगांना जो अंतर्वक्र खोलगटपणा असतो, तो या माणसांच्या हातचा. सुरुवातीची पाती पाचरीसारखी भरीव असत. चाकं लहान होत गेली तसा खोलगटपणा वाढला. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनने तो इतका पुढे नेला की धारेजवळचं पोलाद नखाने दाबलं तरी लवतं आणि दाढी करताना पातं गुणगुणतं.

पात्याच्या मानेवर शिक्का असे तो पेढीचा. शेफिल्डच्या रॉजर्सचा तारा आणि क्रॉस, तिथल्याच वॉस्टनहोमचं 'आय एक्स एल', झोलिंगेनच्या हेंकेल्सची जुळी माणसं. रॉजर्सचा माल हिंदुस्थानातही विकला जाई. मूठ बसवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच येत नसे.

त्याच्या हाती येणारं सामान साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येई. आफ्रिकेतला हस्तिदंत, उष्ण समुद्रांतल्या कासवाची पाठ आणि सगळ्यात जास्त शिंग, त्यात भारतीय म्हशीचंही. शिंग आणि आपलं नख एकाच द्रव्याचं. ते तापलं की मऊ पडतं, सपाट होतं आणि साच्यात दाबलं तर नक्षी धरतं. कासवाची पाठ महाग, म्हणून पारदर्शक शिंगावर तपकिरी डाग देऊन तिची नक्कल करत. जुन्या बाजारात कासवाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मुठींत अशा नकला पुष्कळ असतात. शिंगाचा हा गुण आपल्याकडेही चांगला ठाऊक होता. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८०च्या गॅझेटिअरमध्ये विजयदुर्गच्या शिंगकामाची नोंद आहे. तिथले कारागीर शिंगाला खोबरेल लावून आगीवर शेकत आणि मऊ झालं की त्याला आकार देत. सुकून वाकलेली जुनी मूठ सरळ करायला छंदवाले आजही तेल आणि ऊब हेच दोन उपाय करतात.

मग सेल्युलॉइड आलं. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कापूर आणि नायट्रेट केलेला कापूस यांपासून केलेलं हे प्लास्टिक हस्तिदंतासारखं, कासवासारखं, हव्या त्या रंगात मिळे आणि स्वस्त पडे. वस्तऱ्यांच्या मुठी भराभर त्याच्या झाल्या. त्याचा दोष पुढे कळला. जुनं सेल्युलॉइड विघटित होऊ लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेलं पातं बरोबर मुठीच्या आतल्या भागात गंजून खड्डे पडतात. अशी मूठ कितीही देखणी असली तरी ती काढलीच पाहिजे, आणि इतर वस्तऱ्यांपासून लांब ठेवली पाहिजे. इथे भावनेला जागा नाही. शिवाय हे द्रव्य भडकन पेटतं, तेव्हा त्यावर फिरतं यंत्र चालवू नये.

एवढे वस्तरे शिल्लक कसे राहिले? कारण ते झिजून संपले नाहीत, एकदम बाजूला पडले. किंग कँप जिलेट यांच्या अमेरिकी कंपनीने १९०३ मध्ये बदलत्या ब्लेडचे ५१ वस्तरे आणि १६८ ब्लेड विकली. पुढच्याच वर्षी वस्तऱ्यांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख संच मागवले. घरी परतलेल्या माणसांना पुन्हा चामड्याच्या पट्ट्यावर पातं घासत बसायचं नव्हतं. बापाचा वस्तरा कपाटात गेला. आठवड्याच्या सात वारांचे सात वस्तरे असलेल्या पेट्याही तशाच मिटल्या. आपल्याकडे नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, नखं काढायची नराणी आणि धार लावायचा निसणा पुढेही बराच काळ नांदले. आता दुकानात अर्धं ब्लेड मोडून बसवायचा वस्तरा असतो, आणि आरोग्यासाठी ते योग्यच झालं.

नव्या मुठीचं काम सावकाश करायचं असतं. मोडक्या का होईना, जुन्या पट्टीचा माग कागदावर घ्यावा. नवं सामान म्हणून शिसव उत्तम. म्हशीचं शिंगही उत्तम. हस्तिदंत आणि कासव यांना हात लावू नये, कायद्याचाही धाक आहे आणि मनाचाही असावा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून एकत्रच छिद्रं पाडायची आणि एकत्रच आकार द्यायचा, म्हणजे जोडी जुळते. जाडी अडीच-तीन मिलिमीटर पुरते. त्याहून जाड पट्टीला बाक येत नाही आणि पाचरीचं कामच होत नाही. मग पितळी तार, बारीक वॉशर आणि लहान हातोडी. खिळ्याचं डोकं जोरात मारून बसत नाही. बाजू बदलत शेकडो हलके टोले द्यावे लागतात. शिंग जोराच्या एका टोल्याने चिरतं. बसवून झाल्यावर पातं मिटलं तर ते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उतरलं पाहिजे. धार लाकडाला लागली तर निसण्यावरची सगळी मेहनत वाया.

पात्याच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. गंज काढावा, धारेपाशी निकोप पोलाद लागेपर्यंत नक्की काढावा, पण हाताने, तेल लावलेल्या बारीक पॉलिश पेपरने. बफिंगच्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ती धार कधीच टिकत नाही. चाकाने पातं हिसकावलं तर बोटं जातात ते वेगळंच. आरशासारख्या चकाकीच्या हव्यासात मानेवरचा शिक्काही पुसट होतो, आणि वस्तऱ्याचं वय सांगणारी तीच मुख्य जागा असते. 'डब्ल्यू आर' आणि मुकुट असेल तर पातं राजा चौथ्या विल्यमच्या काळातलं, म्हणजे १८३० ते १८३७ मधलं. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं. देशाचं नाव कोरलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते घालणं सक्तीचं झालं. मानेपुढे निघालेल्या शेपटीची लांबीही बोलते: अगदी जुन्या वस्तऱ्यांना ती जेमतेम असते, १९व्या शतकात ती वाढत जाते.

मुठीवर असं काहीच नसतं, म्हणून नवी मूठ करणाऱ्याने पट्टीच्या आतल्या अंगाला पाचरीजवळ आपलं नाव आणि वर्ष कोरावं. मिटल्यावर ते दिसत नाही, देखणेपणाला बाधा येत नाही. पुढे कधी ती मूठ कोणी सोडवली, तर १८३५चं पातं आणि शिसवीची नवी मूठ यांत त्याची गल्लत होणार नाही, आणि विकणाऱ्याला ती जुनी म्हणून खपवताही येणार नाही.