केरसुण्यांचा रविवार

राज्यांच्या सीमा ठरविणारे मुत्सद्दी नकाशावर रेघ ओढताना नद्या, डोंगर, लोहमार्ग आणि बंदरे यांचा विचार करतात. त्या रेघेच्या अलीकडे जिचे घर आणि पलीकडे जिची नेहमीची बाजारपेठ, त्या गृहिणीने उद्या साखर कोठून आणावी, हा प्रश्न त्यांच्या टिपणांत सहसा आढळत नाही. पुढे इतिहास लिहिणारेही त्याच टिपणांवर विसंबून लिहितात. त्यामुळे तह, कलमे आणि सह्या यांची हकीकत आपणांस तपशीलवार मिळते, बाजारहाटाची मिळत नाही. इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यामधील सीमेचा इतिहास मात्र असा आहे की, त्यातून बाजारहाट वगळला तर हाती फारसे काही उरत नाही, असे माझे मत आहे. सकाळी सीमा ओलांडावी, खरेदी करावी, जमल्यास चार घास खावे आणि रात्री घरी परतावे, हा परिपाठ तेथील कुटुंबांनी दोनतीन पिढ्या चालविला. त्याचा वृत्तान्त येथे देण्याचे योजिले आहे.

आड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाजवळ, इझोन्झो नदीच्या काठी गोरित्सिया नावाचे एक टुमदार शहर आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी ते हाब्सबुर्ग सम्राटांच्या अमलाखाली होते, आणि इटालियन, स्लोव्हेन, फ्रिउलियन व जर्मन अशा चार भाषा तेथील बाजारात कानी पडत. १९१५ ते १९१७ या काळात याच नदीकाठी इटली व ऑस्ट्रिया यांच्या बारा लढाया होऊन अगणित माणसे कामास आली. युद्धानंतर हा मुलूख इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीत तेथील स्लोव्हेन लोकांच्या शाळा बंद पडल्या, त्यांची वृत्तपत्रे व मंडळे मोडण्यात आली. एवढेच नव्हे, तर त्यांच्या आडनावांसही इटालियन वळण देण्यात आले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा पुढे बाजाराशी संबंध येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेल्या इटलीशी १० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिस येथे तह झाला व त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तो अमलात आला. गोरित्सिया शहर इटलीकडे राहिले. त्याच्या पूर्वेचा बहुतेक सारा ग्रामीण प्रदेश युगोस्लाव्हियाकडे गेला. १९०६ साली सुरू झालेल्या लोहमार्गाचे सुंदर स्थानक युगोस्लाव्हियास मिळाले आणि त्या स्थानकासमोरच्या चौकातूनच सीमारेषा गेली. जवळच्या मिरेन गावी तर ती स्मशानभूमीतून गेली. एकाच थडग्याचा काही भाग एका राष्ट्रात व काही भाग दुसऱ्या राष्ट्रात, असा प्रकार तेथे १९७५ पर्यंत होता. मेलेल्यांची ही दशा, तर जिवंतांची काय वर्णावी! ज्या खेड्यांतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपली फळे व भाजी गोरित्सियाच्या मंडईत विकून तेथूनच कापड आणि भांडी आणीत, त्यांची पेठ एका रात्रीत परदेशी झाली. युगोस्लाव्ह सरकारने यावर उपाय म्हणून सीमेला लागूनच नवे शहर वसविण्यास १९४८ साली आरंभ केला. एडव्हार्ड राव्हनिकार या वास्तुविशारदाने आखलेले हे नोव्हा गोरित्सा, म्हणजे नवे गोरित्सिया, रुंद रस्ते व प्रशस्त इमारती घेऊन हळूहळू उभे राहिले. परंतु रस्ते आखले म्हणजे पेठ वसते असे नाही. दुकानांत माल असावा लागतो.

मालाचाच दुष्काळ होता. १९४८ साली युगोस्लाव्हियाचा स्टालिनशी बेबनाव झाला आणि त्या गटातील देशांनी त्याच्याशी व्यापार तोडला. खाजगी दुकानदारी सरकारने आधीच मोडीत काढली होती. लहानसहान गृहोपयोगी जिन्नस मिळेनासे झाले. अशा स्थितीत १९५० च्या ऑगस्ट महिन्यात, सीमेच्या दोन्ही बाजूंस विभागलेल्या आप्तेष्टांना ‘लाल घर’ नावाच्या नाक्यावर परस्परांस भेटण्याची मुभा मिळाली. १३ ऑगस्टच्या रविवारी तेथे हजारोंचा जमाव लोटला. प्रथम अंतर राखून बोलणी, मग हात हलविणे, मग रडणे. आणि मग केव्हातरी मागची गर्दी पुढे सरकली, पहारेकऱ्यांची फळी मोडली आणि युगोस्लाव्ह बाजूचे लोक धावत गोरित्सियाच्या रस्त्यांवर शिरले. पहारेकऱ्यांनी गोळी झाडली नाही, ही या प्रसंगातील सर्वांत मोठी गोष्ट होय. रविवार असूनही दुकानदारांनी दुकाने उघडली. तीन वर्षे न पाहिलेल्या वस्तू लोकांनी डोळे भरून पाहिल्या आणि हाती होते नव्हते ते देऊन विकत घेतल्या. त्या खरेदीत सर्वांच्या डोळ्यांत भरली ती केरसुणी. संध्याकाळी शेकडो माणसे खांद्यावर केरसुण्या टाकून आपल्या देशात परत चालली होती. त्या दिवसाला तेव्हापासून ‘केरसुण्यांचा रविवार’ हेच नाव पडले.

यातील ‘परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सीमा मोडून गेलेल्या त्या लोकांपैकी बहुतेक सर्व जण त्याच दिवशी घरी आले. त्यांना देश सोडावयाचा नव्हता. घर झाडावयाचे होते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहून तिला लक्ष्मी मानतात, त्यामुळे घरात केरसुणी नसणे म्हणजे काय हे मराठी गृहिणीस निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत या रविवारास जागा मिळाली तर ती तळटीपेत मिळते. मला तो त्या दशकातील एक प्रमुख प्रसंग वाटतो, कारण सीमा पाळणाऱ्या दोन्ही सरकारांस त्याने एक गोष्ट कळविली: ही तहान बंदुकीने भागणारी नव्हती.

१९५५ साली उदिने येथे दोन्ही देशांत करार होऊन सीमेलगतच्या पट्ट्यातील रहिवाशांस महिन्यातून ठरावीक वेळा ये-जा करण्याचे परवाने मिळू लागले. आता जाणे-येणे उजळ माथ्याने सुरू झाले. स्लोव्हेन खेड्यांतील बायका अंडी, लोणी, मांस आणि घरी गाळलेली दारू टोपलीत घालून गोरित्सिया व त्रिएस्ते येथे विकीत आणि आलेल्या लिरांची कॉफी, कापड, औषधे व सायकलीचे सुटे भाग घेऊन परतत. जकातीच्या नियमांत बसणारा माल टोपलीत वर असे. न बसणारा कोठे असे, हे ज्याचे त्याने जाणावे.

परंतु सीमेलगतची ही ये-जा म्हणजे केवळ नांदी होती. मुख्य नाटक त्रिएस्ते बंदरात व्हावयाचे होते. हे बंदर हाब्सबुर्ग साम्राज्याचे समुद्रद्वार. साम्राज्य गेले तसे त्याचे वैभवही ओसरले. १९४५ पासून १९५४ पर्यंत शहरावर ब्रिटिश व अमेरिकन लष्कराचा अंमल होता आणि ५ ऑक्टोबर १९५४ च्या लंडन येथील समझोत्याने ते इटलीकडे आले. मागे बाजारपेठ नाही असे हे बंदर पुढे कशावर जगेल, याची चिंता शहाणी माणसे करीत होती. ते काही अंशी जीन्सच्या विजारींवर जगले! १९६० नंतरच्या दशकात टिटोच्या सरकारने पारपत्रे सढळ हाताने देण्यास प्रारंभ केला, असे करणारे पूर्व युरोपातील ते एकटेच साम्यवादी सरकार होते. हजारो युगोस्लाव्ह मजूर जर्मनीत कामास गेले व तेथून मार्क घरी पाठवू लागले. हा पैसा खर्च करण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे त्रिएस्ते. तेथील कालव्याकाठच्या पोन्तेरोस्सो चौकात कपड्यांच्या टपऱ्यांची रांगच रांग उभी राहिली. बेलग्रेडहून, साराजेवोहून, अगदी मॅसिडोनियातूनही रात्रीच्या गाडीने निघालेली कुटुंबे सकाळी तेथे उतरत आणि त्याच रात्री परतीची गाडी पकडीत. जीन्स, पावसाळी अंगरखे, बाहुल्या, धुण्याची पूड, आणि पुन्हा कॉफी. जकातीची सवलत माणशी असल्यामुळे तान्ह्या मुलांपासून आजीपर्यंत सर्वांस बरोबर नेणे फायद्याचे असे. परतताना एकीवर एक अशा दोनतीन विजारी अंगात घालून स्त्रिया गाडीत बसत. जकात अधिकारी त्यांच्या वाढलेल्या घेराकडे पाहत, कधी हसत, कधी उतरवीत.

येथे मघा सांगितलेली भाषेची गोष्ट आठवावी. ज्या त्रिएस्तेत १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्ट जमावाने स्लोव्हेन लोकांचे ‘नारोद्नी दोम’ हे मंडळगृह जाळले, ज्या शहरात पुढे भर रस्त्यात स्लोव्हेन बोलणे जोखमीचे होते, त्याच शहरातील दुकानदार आता स्लोव्हेन आणि सर्बोक्रोएशियन जाणणारे नोकर शोधून ठेवू लागले. शाळेत जी भाषा नको होती ती गल्ल्याजवळ चालू लागली. याला सलोखा म्हणावे काय? काही लेखक तसे म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. गिऱ्हाइकाची भाषा शिकणे निराळे आणि शेजाऱ्याच्या भाषेचा मान ठेवणे निराळे. १९७५ च्या ओझिमो येथील तहाने सीमा कायम झाली व त्यात सीमेवर सामायिक औद्योगिक क्षेत्र उभारण्याचे कलम आले, तेव्हा त्रिएस्तेत मोठा गहजब झाला आणि १९७८ साली त्या तहाच्या विरोधकांनी नगरपालिकेची निवडणूक जिंकली. शनिवारी ज्यांच्या पैशावर शहर गजबजे, तेच लोक उद्या येथे कामास आले तर काय, ही धास्ती त्यात होती. पोन्तेरोस्सोत हिंडणाऱ्या गिऱ्हाइकाला हा भाव कळत नसे असे नाही. त्याच्या गाठोड्याकडे, बोलण्याकडे, कपडे उघड्यावर चढवून पाहण्याकडे शहरातील सभ्य मंडळी कोणत्या नजरेने पाहत, हे तो जाणून होता. आणि तरीही घरी मुलगी नव्या विजारीची वाट पाहत असल्यामुळे ती नजर गिळून तो पुढच्या टपरीकडे वळे.

उलट दिशेने जाणाऱ्यांची स्थिती सुखाची होती. इटालियन कुटुंबे रविवारी मोटारीतून युगोस्लाव्हियात जात ती स्वस्त पेट्रोल आणि मांस यांसाठी, आणि मुख्यतः जेवणासाठी. निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे, क्रास पठारावर वाऱ्यात वाळविलेली डुकराची तंगडी, तेरान नावाची गडद तांबडी मदिरा. खानावळीचे बिल पाहून यजमान खूष आणि ताट पाहून पाहुणे. या भागात ‘ओस्मित्सा’ नावाची एक जुनी चाल आहे. शेतकऱ्याने वर्षातून काही दिवस आपल्या अंगणात स्वतःची मदिरा व खाद्यपदार्थ विकावेत, ही मुभा सम्राट दुसरा जोसेफ याच्या १७८४ च्या आज्ञेपासून चालत आली आहे. स्लोव्हेन भाषेत ‘ओसेम’ म्हणजे आठ, आणि ती मुभा आरंभी आठ दिवसांची असे. अंगण उघडे असल्याची खूण म्हणून वाटेवर वेलीची हिरवी डहाळी टांगतात. ही डहाळी सीमेच्या दोन्ही बाजूंस दिसते. साम्राज्य बुडाले, राजवटी पालटल्या, पण ती खूण वाचावयास कोणास दुभाषा लागला नाही.

आपल्याकडे याला जोड शोधावयाची तर गोव्याच्या जुन्या सीमेची आठवण होते. सावंतवाडी-बेळगावकडे राहणाऱ्या किती कुटुंबांचे कुलदैवत मंगेशीस किंवा शांतादुर्गेस! १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने नाकेबंदी केली, आणि १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अंमल संपेपर्यंत देवदर्शन व लग्नकार्य दोन्ही अडली. तेथे केरसुण्यांचा रविवार आला नाही, सीमाच गेली.

युगोस्लाव्हियाने पाश्चात्त्य फॅशनच्या हव्यासापायी प्राण सोडला, अशी एक उपपत्ती अधूनमधून मांडली जाते. ती मला ग्राह्य वाटत नाही. या फेऱ्यांनी लोकांचा असंतोष वाढविला त्यापेक्षा निवविला अधिक. खरी अडचण निराळी होती: १९८० च्या सुमारास त्या देशावर सुमारे वीस अब्ज डॉलरांचे विदेशी कर्ज झाले, कॉफीदेखील आयात करणे परवडेना, आणि १९८२ साली सरकारने परदेशी जाणाऱ्यांकडून रोख अनामत घेण्यास सुरुवात केली. म्हणजे घरच्या दुकानात कॉफी नाही, आणि ती आणावयास जावे तर आधी ठेव भरा! लोक चिडले ते या वेळी. १९९१ साली युद्ध पेटले, नोव्हा गोरित्साच्या नाक्यावरच रणगाडे जळाले, स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या रिकाम्या धावू लागल्या. पोन्तेरोस्सोच्या टपऱ्या एकामागून एक उठल्या.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. १ मे २००४ रोजी स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला. त्यापूर्वीच स्थानकासमोरच्या चौकातील कुंपण निघाले होते. २००७ च्या आरंभी तेथे युरो चालू झाला आणि त्या वर्षी २१ डिसेंबरला तपासणी थांबली. भावातील तफावत कमी झाली तशी खरेदीची ओढही ओसरली. जेवणाची मात्र टिकली. मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने त्याच चौकात पुन्हा तारेचे कुंपण उभे राहिले, आणि सीमेपलीकडील आप्तांना भेटण्यास आलेली माणसे त्याच्या दोन्ही बाजूंस उभी राहून बोलू लागली. ते जूनमध्ये निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने सुरक्षेच्या कारणास्तव तपासणी पुन्हा सुरू केली. तरीही २०२५ साली दोन्ही शहरांस मिळून युरोपीय संस्कृतीची राजधानी हा मान मिळाला.

नोव्हा गोरित्साच्या एका जुन्या जकात नाक्यावर आता चोरट्या आयातीचे लहानसे संग्रहालय आहे. जो माल पकडण्यासाठी ती चौकी बांधली, त्याच मालाची ओळख आता तेथे पाहुण्यांस करून देतात. ज्यांनी आपल्या आईच्या पदराआड कॉफीची पुडी दडविली होती, ती मुले आता साठी-सत्तरीची झाली आहेत. नातवंडांस ती सारी हकीकत तेच सांगतात.