मूळ चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडले, की बहुतेक पदांच्या डोक्यावर कंसात एक छोटी नोंद दिसते. 'चाल' एवढा शब्द, आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची सुरुवात. वाचक ती ओलांडून पदाकडे वळतो. पण मराठी नाट्यसंगीताचा निम्मा इतिहास त्या कंसात आहे. ज्याला आपण 'मूळ गाणे' म्हणतो तेही कुणाचे तरी ऐकून घडवलेले आहे, अशी ती सरळ कबुली असते.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यातील पदांसाठी त्यांनी कीर्तनातील साकी-दिंडी घेतली, लावणीचे वळण घेतले आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी चालीही घेतल्या. पुढे १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली आणल्या. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी मराठी शब्दांत बसवल्या. यांपैकी कुणीही आपली उसनवारी लपवली नाही. शब्द, प्रसंग आणि गळा बदलला की गाणे नवे होते, हे त्यांना ठाऊक होते.

ही पदे घरोघरी गेली ती बालगंधर्वांच्या गळ्यातून. भामिनी, रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिकांमधून ते गात. पुढील काळात साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असत. प्रेक्षकांचा 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा, आणि दर वेळी काही तरी निराळे. नाटक रात्रभर चाले. उलट, तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. आज आपण 'मूळ' म्हणून जे ऐकतो, ते त्या तीन मिनिटांत बसवलेले रूप आहे. रंगमंचावरचे मूळ कोणत्याही एका रात्री एकसारखे नव्हते.

आता इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या देवासकडे वळू. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कानडी. लहानपणी नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून ते जशाच्या तशा गाऊन दाखवत. या नकलेनेच ते प्रथम प्रसिद्धीला आले. पुढे मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. मग क्षयाने गाठले आणि १९४८ च्या सुमारास ते कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षे गाणे बंद राहिले. त्या काळात माळव्याची लोकगीते कानावर पडत राहिली आणि त्यांचे गाणे आतून बदलले.

या कुमारांनी १९६० च्या दशकात बालगंधर्वांची पदे गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. कुणाचीही हुबेहूब नक्कल करण्याची ताकद असलेल्या गायकाने इथे नक्कल मुद्दाम टाळली. स्त्रीभूमिकेतले लाडिक आर्जव त्यांनी उचलले नाही. आवाज स्वतःचा, थांबण्याच्या जागा स्वतःच्या, ताना छोट्या आणि अचानक येणाऱ्या. राखले ते शब्दांना सुरात धरण्याचे भान आणि लयीशी खेळण्याची रीत. काहींना हे फार आवडले, काहींना यात बालगंधर्व सापडले नाहीत. पण शीर्षकातील 'मला' आणि 'उमजलेले' या दोन शब्दांत त्यांनी आपली बाजू आधीच मांडली होती.

याच्या दुसऱ्या टोकाचेही उदाहरण आहे. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटासाठी आनंद भाटे गायले आणि त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर बालगंधर्वच उभे करायचे होते, म्हणून तिथे मुळाच्या जवळ राहणे हेच काम होते, आणि ते त्यांनी जिवापाड मेहनतीने केले. दोघांच्या गाण्यांना एकच मोजपट्टी लावली तर दोघांवरही अन्याय होईल. हे गाणे पुन्हा कशासाठी गायले, हे आधी विचारायला हवे.

होळकरांच्या काळापासून इकडे वसलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांसाठी ही नुसती संगीतातली चर्चा नाही. इथे मुलांच्या कानावर मराठी पडते ते घरात, सणावारी आणि अशा उत्सवाच्या मंचावर. हिंदी शाळेत शिकणारी एखादी मुलगी महिनाभर घोकून नाट्यपद म्हणते आणि तिला पहिला अभिप्राय मिळतो, 'मूळची सर नाही.' पुढच्या वर्षी ती चित्रपटातले हिंदी गाणे निवडते. तबकडीचा मान राखता राखता पद म्हणणारा गळा आपण गमावतो.

म्हणून 'काहीही गा, चालेल' असे मात्र नव्हे. कुमारांनी मोकळीक घेतली ती मूळ पूर्ण पचवल्यावर. मुलांनी जुने ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐकावे, शब्दांचा अर्थ आणि ऱ्हस्व-दीर्घ आजीकडून समजून घ्यावेत, पद नाटकात कुठे येते ते वाचावे. एवढे झाल्यावर आपल्या आवाजात गावे. आणि आपण वडीलधाऱ्यांनी पद संपल्यावर आधी विचारावे, 'बाळ, तुला यात काय उमजले?' तिला उत्तर देता आले, तर किर्लोस्करांपासून चालत आलेली ती कंसातली 'चाल' आणखी एका पिढीकडे पोहोचली असे समजायला हरकत नाही.